आठ गाठींची खुर्ची

४ सप्टेंबर

वन्सं,

तुम्हाला नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून पत्रच लिहिते.

मी चिऊकडे सुखरूप पोचले. जावई स्वतः गाडी घेऊन आले होते. वाटेत चार वेळा थांबून त्यांनी विचारलं, "पाय मोकळे करायचेत का?" मी चारही वेळा नाही म्हटलं. पाय अवघडले होते, पण त्यांचं इंजिन एकदा बंद झालं की लवकर सुरू होत नव्हतं.

घर चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, ती मनात आलं तर चालते. माझी खोली टोकाची. खिडकी मोठी आहे. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत असल्यामुळे वारा येत नाही आणि खोली उबदार राहते. चिऊने नवे पडदे लावलेत, जाड, ओढायला दोरी असलेले. पलंगाला कठडा करून घेतलाय. लांब वायरचं एक बटण आहे, रात्री उशाशी, दिवसा हाताशी. ते दाबलं की स्वयंपाकघरात घंटी वाजते आणि चिऊ येते. खिडकीजवळ ह्यांची मोठ्या हातांची खुर्ची ठेवली आहे. तिने ती टेम्पोत घालून माझ्या आधी आणवली होती. म्हणजे मी आले तेव्हा ह्यांची खुर्ची माझी वाट बघत होती.

चिऊ म्हणाली, "आई, आता तू फक्त बसायचं. बाबांबरोबर आयुष्यभर लोकांच्या खुर्च्यांचे खिळे आणि सुतळी केलीस, बास झालं." मी म्हटलं, चालेल.

घराची किल्ली तुमच्याकडे आहेच. आठवड्यातून एकदा पुढचं दुकान उघडून वारा द्यावा, नाहीतर काथ्याला कुबट वास येतो. सलूनवाल्यांची खुर्ची मधोमध उघडी पडली आहे. तिच्यावर जुनी चादर टाकावी. हे गेले त्या दिवशी तिचंच काम चालू होतं.

तुमची वहिनी

आत्या, आईने पत्र टाकायला माझ्याकडे उघडंच दिलं म्हणून माझ्या दोन ओळी. आई मजेत आहे. जागची हलू देत नाही मी तिला! काळजी करू नकोस. – चिऊ


१५ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून माझा जीव जळला. जाड पडदे काय, घंटी काय! मला पाणी हवं असलं तर मी स्वतःलाच हाक मारते, आणि तीही मला ऐकू येत नाही. टेलिफोन खात्यात जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले आणि आता माझ्याच कानाची लाइन कटली. तक्रार कुणाकडे करायची?

दुकान उघडलं. चादर टाकली. सरस आणि काथ्याचा वास आला आणि मी उंबऱ्यातच थोडा वेळ उभी राहिले. बाकी काही नाही. तुझं शिवणयंत्र पुसून ठेवलं आहे. त्याच्या पायाखाली सलूनवाल्याच्या खुर्चीचं कव्हर अर्धवट शिवलेलं सापडलं, सुई तशीच टोचलेली. उचलू का?

तो सलूनवाला परवा आला होता. गिऱ्हाइकांना स्टुलावर बसवून दाढी करतोय म्हणाला. म्हणजे त्याने तसं म्हटलं असावं. मी ओठ बघून अर्थ लावते. कदाचित म्हणाला असेल, "माझी खुर्ची द्या, म्हातारे." काय सांगू त्याला?

तू मात्र मस्त बस. आपल्या घराण्यात कुणा बाईला असं बसायला मिळालेलं नाही. माझ्या वाटणीचंही बसून घे.

तुझी वन्सं


६ ऑक्टोबर

वन्सं,

तुमचं पत्र पोचलं.

कव्हर उचलून ठेवावं. सलूनवाल्यांना सांगावं की त्यांनी खुर्ची न्यावी आणि दुसरीकडून पुरी करून घ्यावी. चालेल.

गेल्या आठवड्यात माझा वाढदिवस झाला. जावई मला डोळे तपासायला घेऊन गेले होते. परत आलो तर चिऊ दारातच. म्हणाली, "आई, डोळे मीट." आत्ताच तर तपासून आणले होते, तरी मिटले. तिने आम्ही नसताना माणूस बोलावून खुर्ची नवी करून घेतली होती. आतलं सगळं बदललं. आता जाड फोम आहे, वरून मखमलीसारखं कापड. बसलं की माणूस आत जातो. चिऊ म्हणाली, "बाबांची खुर्ची किती टणक होती गं! आता कशी कुशीत घेते बघ." खरंच घेते. खांद्यापर्यंत घेते.

डॉक्टरांनी डोळ्यांना ताण नको म्हटलं म्हणून चिऊने सुया आणि दाभण कपाटात वर ठेवलं. स्वयंपाकघरात ओली फरशी असते म्हणून तिथे मी जात नाही. लिफ्टचं काही खरं नाही म्हणून खालीही जात नाही. थंडी अजून यायची आहे. चिऊने पायांसाठी लोकरीचे मोजे आणि वर दुलई दिली आहे. दुलई ती चारही बाजूंनी खोचून देते, लहानपणी मी तिला देत होते तशी.

सगळे फार करतात. तक्रारीला जागा नाही.

तुमची वहिनी

आत्या, आईला खुर्ची इतकी आवडलीय की ती दिवसभर तिच्यातून उठत नाही! तुला वेगळं पत्र टाकतेय, एका कामाचं. – चिऊ


२० ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

मखमल! फोम! आमचा दादा वर कपाळाला हात लावून बसला असेल.

तुला आठवतं का, मी निवृत्त झाले तेव्हा त्याने मला खुर्ची करून दिली होती? मी बसले आणि म्हणाले, "अरे दादा, ही खुर्ची आहे की शिक्षा? जरा मऊ कर." तर तो काय म्हणाला ठाऊक आहे? "मऊ हवी तर गादीवर नीज. उठता आलं का? हात न टेकता? मग बरोबर आहे. माणसाला उठता येत नाही ती खुर्ची नव्हे, खड्डा." सख्ख्या बहिणीला! मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते. त्याला ते कळलंच नाही ही गोष्ट वेगळी.

आता कामाचं. चिऊचं पत्र आलं. तिथल्या डॉक्टरांकडच्या कंपाउंडरच्या ओळखीने तिला कळलं की त्याचा भाऊ, तोही कंपाउंडर, आपल्या गावी बदलून येतोय. बायको आहे, मुलं नाहीत, माणसं सभ्य. त्यांना घर हवंय. पुढच्या दुकानात त्याची बायको पिठाची गिरणी टाकणार म्हणते. मी आधी थांबले. पण तुझी पत्रं पुन्हा वाचली आणि वाटलं, तू तिथे रमलीस. रिकामं घर आणि रिकामं डोकं, दोन्हींत नको ते शिरतं. म्हणून हो म्हटलं. एक डिसेंबरला किल्ली द्यायची आहे. दुकानातलं सामान तोवर हलवावं लागेल. तुला काय काय ठेवायचंय ते कळव.

सलूनवाल्याला तुझा निरोप दिला. तो खुर्ची नेत नाही. म्हणाला, "शिलाई वहिनींच्याच हातची हवी, मी थांबतो." हे दोनदा म्हणवून घेतलं, त्यामुळे खात्री आहे.

तुझी वन्सं


९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

आईने तुला उत्तर पाठवलं नाही म्हणून मी लिहितेय. तुझं पत्र तिने वाचलं, घडी केली आणि मांडीवर ठेवून बसून राहिली. मी विचारलं, "आई, काय काय ठेवायचं सामानातलं?" म्हणाली, "तू म्हणशील ते." मी म्हटलं, "घर दिलं तर चालेल ना तुला?" म्हणाली, "चालेल."

तेव्हापासून ती फारशी बोलत नाही. तशी ती कधीच बडबडी नव्हती, पण आता हाक मारली की जरा वेळाने ओ देते. खुर्चीतून उठवायला मला दोन्ही हात द्यावे लागतात. गुडघे गेलेत म्हणते मी, तर हे म्हणतात गुडघे तर इथे आल्यावरच गेले. आमचं त्यावरून वाजलं.

आत्या, मी वाईट करतेय का? खरं सांग. बाबा पडले तेव्हा आई मागच्या खोलीत मशीनवर होती. मशीनच्या आवाजात तिला कळलंच नाही. ती चहा घेऊन पुढे गेली तेव्हा कळलं. आता त्या घरात ती एकटी आणि समोर तीच फरशी, हे डोळ्यांसमोर आलं की मला झोप लागत नाही. बाबांच्या वेळी मी नव्हते. इथे ती घंटी वाजवते आणि मी जाते. वाजली की मला बरं वाटतं. हे कुणाला सांगता येत नाही म्हणून तुला सांगितलं.

किल्लीचं ठरल्याप्रमाणे करून टाक. तारखेचा विषय तिच्याकडे पुन्हा काढू नकोस. उगाच जुनं वर येतं.

तुझी चिऊ


१५ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

चिऊने विषय काढू नकोस म्हणून सांगितलंय. मी बहिरी आहे, मला काही सांगितलेलं ऐकू येत नाही. म्हणून काढते.

काल दुकानातलं सामान बांधायला बसले. दादाचा हातोडा, खिळ्यांचा डबा, स्प्रिंगांचं पोतं. पोतं उचलताना मला एक आठवलं. तुमचं लग्न नवं होतं तेव्हा मी दादाला विचारलं होतं, "वहिनी कशी आहे रे?" तो म्हणाला, "चांगली आहे. पण ती 'चालेल' म्हणाली की थांबायचं. तिला हवं असलं तर ती 'चालेल' म्हणत नाही, उठून करायला लागते."

मग मी तुझी पत्रं काढली आणि 'चालेल' शोधत बसले.

वहिनी, मी चुकले असेन तर आत्ता सांग. घर द्यायचं, हो की नाही? यातलं एकच लिही. मला तुझं 'चालेल' नको.

तुझी वन्सं


२२ नोव्हेंबर

वन्सं,

माझं उत्तर नाही असं आहे. किल्ली देऊ नये.

ते आधी लिहून टाकलं म्हणजे बाकीचं शांतपणे लिहिता येईल. या पत्राखाली चिऊच्या दोन ओळी नसतील.

तुमचं पत्र गुरुवारी दुपारी आलं. चिऊ आणि जावई कामावर होते. घरकामाच्या बाई जाताना मला खुर्चीत बसवून, दुलई खोचून गेल्या होत्या. दाराची घंटी वाजली. मी उठायला गेले तर उठता येईना. हात टेकले तर हातही फोममध्ये जात होते. पोस्टमनने थोडा वेळ वाट पाहिली आणि पाकीट दाराखालून आत सरकवलं. माझ्या खोलीचं दार उघडं होतं, त्यामुळे ते फरशीवर पडलेलं मला दिसत होतं. अक्षर तुमचं आहे हेही कळत होतं. तुमच्यासारखं मोठं अक्षर कुणाचं नाही.

मी पुन्हा प्रयत्न केला. मग सवयीने बटण दाबलं. स्वयंपाकघरात घंटी वाजली. तिथे कुणी नव्हतं. बंद घरात ती घंटी वाजताना मी ऐकली. मला कुणी बांधलेलं नव्हतं. दुलई उबदार होती. पाणी हाताशी होतं. आणि मला त्या पाकिटापर्यंत जाता येत नव्हतं. तुम्ही लिहिलेलं ह्यांचं ते खड्ड्याचं बोलणं तेव्हा आठवलं. मी ते आधी वाचलं होतं, पण हसून सोडून दिलं होतं.

शेवटी मी पुढे सरकत सरकत फरशीवर उतरले. उतरले म्हणजे घसरले. लागलं नाही. बसूनच दारापर्यंत गेले आणि तिथेच टेकून तुमचं पत्र वाचलं. 'चालेल'बद्दल ह्यांनी तुम्हाला असं सांगितलं होतं हे मला ठाऊक नव्हतं. मला ते कधी म्हणाले नाहीत.

मग मी भिंतीला धरून उभी राहिले. जावयांच्या खणातून पेचकस आणि पक्कड घेतली. खुर्ची पाठीवर आडवी केली. अजून जमतं, ताकदीने नाही, कोपऱ्यावर तोलून. खालच्या कडेच्या पिना काढल्या, कापड सोडवलं, खुर्ची पुन्हा सरळ करून फोम उचलला. मला वाटलं होतं ह्यांचं काम काढून फेकलं असेल. तसं नव्हतं. नवारीचे पट्टे जागच्या जागी होते, स्प्रिंगाही होत्या. फक्त त्यांना बांधलेली सुतळी कापली होती, म्हणजे बैठक खाली जावी. ह्यांच्या गाठी सुटत नाहीत. एका स्प्रिंगला आठ बाजूंनी आठ गाठी असतात. त्या माणसाने सोडवायचा प्रयत्न केला असेल, मग कात्री लावली असेल. गाठी तशाच होत्या, कापलेल्या टोकांसह.

सुतळी घरात नव्हती. मी पडद्याची दोरी काढली.

वन्सं, तुम्ही दुकानात यायचात तेव्हा बघितलं असेल. स्प्रिंग बांधणं हे दोन माणसांचं काम आहे. एकाने दोन्ही तळहातांनी दाबून धरायची आणि दुसऱ्याने गाठ मारायची. मी दाबायची, हे गाठ मारायचे. आम्ही त्या वेळी बोलत नसू. ह्यांनी मान हलवली की दाबायची, पुन्हा हलवली की सोडायची. गाठी मला येतात. इतकी वर्षं समोर बघितल्या आहेत. पण दाबायला कुणी नव्हतं. मी गुडघ्याने दाबून बघितली. एक गाठ झाली. दुसरीला गुडघा सुटला आणि स्प्रिंग वर उडाली. हे गेल्यावर इतके लोक भेटायला आले, सगळे बोलले, पण हे गेले म्हणजे नेमकं काय झालं ते मला त्या स्प्रिंगपाशी कळलं.

चिऊ आली तेव्हा मी तशीच खाली बसले होते. तिने पिशवी टाकली.

"आई! पडलीस? कधी पडलीस? घंटी का नाही वाजवलीस?"

"वाजवली होती."

तिचा चेहरा उतरला. मग तिने खुर्ची बघितली. "हे काय केलंस? ही तुझी वाढदिवसाची भेट होती!"

"हो."

"तुला आवडली नव्हती तर सांगायचं होतंस ना! मला काय स्वप्न पडतंय?"

"आत्ता सांगते आहे."

"ऊठ आधी. खाली गार आहे."

"चिऊ, ही मधली स्प्रिंग दाबून धर. दोन्ही तळहातांनी. बोटं बाहेर."

ती म्हणाली, "मला नाही येत." खरं आहे. लहान असताना ती दुकानातच खेळायची, पण ह्यांनी तिला स्प्रिंगला कधी हात लावू दिला नाही. बोट चिमटेल म्हणून. मी दोरी धरून थांबले. शेवटी ती माझ्यासमोर बसली, ऑफिसच्या कपड्यांत, आणि तिने दाबली.

"एवढी?"

"अजून."

"आई, हात दुखतात."

"दुखतात."

आम्ही दोघींनी सगळ्या बांधल्या. वर दोन घोंगड्यांच्या घड्या घातल्या आणि तेच मखमली कापड ओढून घेतलं. मी म्हटलं, बस. ती बसली. मग म्हटलं, आता ऊठ, हात न टेकता. ती उठली. परत बसली, परत उठली. असं तिने तीन-चारदा केलं. मग तिथेच उभी राहून रडली. ह्यांच्यानंतर ती माझ्यासमोर रडली नव्हती. मला वाटायचं, ती माझ्यापेक्षा धीराची आहे.

तेव्हाच मी तिला सांगितलं की मला घरी जायचं आहे. सलूनवाल्यांची खुर्ची पुरी करायची आहे.

"एकच खुर्ची?" तिने विचारलं.

"सध्या एकच."

"बाबा पण असंच म्हणायचे." मग म्हणाली, "आणि तिथे स्प्रिंगा कोण दाबणार? मी इथे. तू एकटी तिथे. सांग ना."

वन्सं, ती दोन दिवस त्याच एका प्रश्नावर अडून आहे आणि तिचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. घर थांबवलं तरी मी तिथे जाऊ शकेन की नाही हे मला माहीत नाही. पण किल्ली गेली तर विचारायलाही काही राहणार नाही. म्हणून ती देऊ नये. कंपाउंडरची आणि त्यांच्या पत्नीची माझ्या वतीने माफी मागावी. त्यांची अडचण होणार याचं वाईट वाटतं.

हे पत्र मी स्वतः खाली जाऊन पेटीत टाकणार आहे. लिफ्ट आज बंद आहे. जिन्याने जाईन, कठड्याला धरून. चिऊ वरच्या दारात उभी राहणार आहे. जावयांनी तिला बजावलं आहे की 'जपून' म्हणायचं नाही. ती म्हणाली, "मनात म्हटलं तर चालेल का?"

तुमची वहिनी


३० नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र काल सकाळी मिळालं आणि कंपाउंडर काल दुपारीच टेम्पो घेऊन दारात हजर. एक तारखेचं ठरलं होतं, पण गरजू माणूस आधी येतो. टेम्पोवर पलंग, पलंगावर त्याची बायको, तिच्या मांडीवर मांजर. मी किल्ली मुठीत धरून पायरीवर उभी. तो काय काय बोलला ते मी ऐकलं नाही. या कानांचा मला प्रथमच उपयोग झाला.

मग टेम्पो माझ्या घराकडे वळवला. माझा वरचा मजला रिकामाच होता ना. त्याची बायको कालपासून गाणी म्हणतेय असं शेजारी सांगतात. मला त्याचा काही त्रास नाही. गिरणीचं नंतर बघू. मांजर मात्र माझ्याकडेच येऊन बसतं, दादाने केलेल्या त्या शिक्षेच्या खुर्चीवर. बसतं आणि पटकन उठतं.

सलूनवाल्याला कळवलं. त्याने माझे हात हातात घेतले आणि बराच वेळ काहीतरी बोलला. अर्थ लावला नाही, गरज वाटली नाही. बांधलेलं सामान मी सोडवून जागच्या जागी लावलं आहे. तुझी सुई जशी टोचलेली होती तशी परत टोचून ठेवली, त्याच भोकात.

आता चिऊच्या प्रश्नाचं. हे तिला वाचून दाखव.

चिऊ, तुझी आत्या तुझ्या आईच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिचे कान गेलेत, हात गेलेले नाहीत. मी आज सकाळी दुकानात जाऊन सलूनवाल्याच्या खुर्चीतली एक स्प्रिंग दोन्ही तळहातांनी दाबून बघितली, बोटं बाहेर ठेवून. खाली गेली. धरून ठेवता आली. रोज सकाळी मी तिथे येईन, आणि तुझी आई मशीनवर बसली तर मी पुढच्या खोलीत तिच्याकडे तोंड करून बसेन. मला मशीनचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे माझं लक्ष तिच्यावरच असेल. एवढ्यावर तुला झोप लागते का बघ. नाही लागली तर येऊन बघून जा. दार उघडंच असतं.

आणि वहिनी, तू आलीस की दाब म्हणून मला ओरडून सांगू नकोस. मानेने खूण कर.

तुझी वन्सं